ही टेप कुणाची? 'रंगभवन ७८' लिहिलेली कॅसेट, आणि नोव्हेंबरच्या महोत्सवाआधी काय ऐकावं

गोरेगाव_पूर्व

चोर बाजारातून आलेल्या कॅसेटच्या खोक्यात एक सी-९० (नव्वद मिनिटांची, एका बाजूला पंचेचाळीस) निघाली आहे. डबीच्या कागदावर निळ्या शाईत 'रंगभवन ७८ – सोनी' एवढंच. तुकड्यांची नावं नाहीत, वादकांची नाहीत, तारीख नाही.

बाजू अ: साडेएकेचाळीस मिनिटं. टेनर सॅक्सोफोन, डबल बास आणि ड्रम. पियानो किंवा गिटार कुठेच नाही. सहा तुकडे, मधेमधे टाळ्या. तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या मध्ये पंधराएक सेकंद गप्प, मग एक 'ठप्' आणि पुन्हा संगीत सुरू.

बाजू ब: छोटे छोटे सात तुकडे, प्रत्येक तीन मिनिटांच्या आसपास. नाचाच्या बँडसारखं वाजतं, भरपूर खरखर.

१९७८च्या पहिल्या जॅझ यात्रेत, म्हणजे मुंबईतल्या जॅझ महोत्सवात, अमेरिकी सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्स रंगभवनाच्या खुल्या नाट्यगृहात वाजवून गेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही त्या रात्रीची टेप असू शकते का? गाणं ओळखणाऱ्या शझॅम ॲपला दोन्ही बाजू ऐकवल्या, काही सापडलं नाही.

दुसरा प्रश्न याच धाग्यात विचारतो. नोव्हेंबरमध्ये एनसीपीएचा (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्राचा) जॅझ महोत्सव आहे. सोबत येणारे दोघं जॅझला नवे आहेत. आधी काय आणि कसं ऐकवावं?

टेपडेक

ओळखण्याच्या आधी टेप नीट उतरवून घ्या. नाव शोधण्याची घाई झाली की टेप तरी फाटते, नाही तर पुरावा तरी पुसला जातो.

१. कॅसेट उघड्या प्रकाशात धरून टेपच्या कडा बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालायचीच नाही, कारण ती हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

२. टेपमागचा फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे का? जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकून तो गळतो. तो नसेल तर टेप हेडला टेकत नाही, आवाज दबका येतो आणि हेलकावतो. अशा वेळी पाच स्क्रूंचं कवच असलेली एखादी निकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही रिळं त्यात बसवा. चिकटवून बंद केलेलं कवच सुरीने उघडताना टेपची कड कापली जाते, तिथे हात जपून.

३. आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप अशीच वाजवली तर वेग हलतो. सी-९०ची टेप सुमारे १२ मायक्रॉन जाडीची, सी-६०ची १८. त्यामुळे सी-९०ला झटके देऊ नका.

४. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला ते अगदी बेताचं लावा, रबर कडक होतं.

५. ॲझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका, स्क्रू हळूहळू फिरवा, झांजेचा आवाज सगळ्यात मोकळा येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण ती कुठल्या डेकवर भरली गेली ते आपल्या हातात नसतं.

६. डॉल्बी (डेकमधली खरखर दाबणारी सोय) बंद. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

आणि नॉईज रिडक्शनला आत्ता हात लावू नका. खरखर, गुणगुण, टिकटिक, यातूनच ही टेप कुठून आली ते कळणार आहे.

अनवट

टेपडेक यांच्या शेवटच्या वाक्यावर +१००.

दोन गोष्टी मोजून इथे टाका.

पहिली, टिकटिक. तबकडीवर ओरखडा असला की तो दर फेरीला एकदा वाजतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर दोन टिकांमध्ये १.८ सेकंद, ४५वर १.३३, आणि ७८वर ०.७७. प्रत्यक्ष मैफलीच्या टेपमध्ये अशी ठरावीक अंतराची टिकटिक येण्याचं काही कारणच नाही. एका टिकेवरून मोजू नका, सलग वीस फेऱ्यांचा वेळ घेऊन भागा.

दुसरी, विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एखादा शांत भाग निवडा, 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, साइझ ६५५३६ ठेवा. म्हणजे एक पायरी पाऊण हर्ट्झच्या आत येते. ५०च्या आसपासचं शिखर बघा, पण आकडा १००च्या आसपासच्या शिखरावरून घ्या. तिथे दुपटीने अचूक मिळतो आणि बहुतेक वेळा तेच जास्त ठळक असतं.

टिका संगीताखाली दबल्या असतील तर एक युक्ती आहे. एका चॅनेलची फेज, म्हणजे लहर, उलटी करून दोन्ही चॅनेल मिसळा. मूळ ध्वनिमुद्रण मोनो असेल तर संगीत जवळपास नाहीसं होतं आणि ओरखड्यांचे आवाज उरतात. सुई खालीवर हलल्याने आलेला आवाज दोन्ही चॅनेलमध्ये उलटसुलट असतो, म्हणून तो कटत नाही.

गोरेगाव_पूर्व

अनवटताई, मोजलं.

बाजू अ: चॅनेल वजा केल्यावर संगीत अगदी क्षीण झालं, टिका स्वच्छ दिसल्या. वीस फेऱ्यांना ३४.८ सेकंद, म्हणजे फेरीला १.७४. गुणगुणीचं शिखर १०३.४ला.

बाजू ब: टिका खूप दाट आहेत, दोन टिकांमध्ये ०.७४ च्या आसपास.

अनवट

बाजू अची गोष्ट इथेच बरीचशी लागली. ती एलपीवरून भरलेली आहे.

१.८ भागिले १.७४ म्हणजे १.०३४५. टेप साडेतीन टक्क्यांच्या आसपास जलद चालते आहे. आता ५० हर्ट्झच्या दुप्पट १०० घ्या आणि १.०३४५ने गुणा. १०३.४ येतात. दोन वेगळ्या खुणा एकच आकडा सांगताहेत.

या दोन खुणा एकाच गोष्टीच्या नाहीत, हे ध्यानात ठेवा. गुणगुण भरणाऱ्याच्या घरच्या विजेची असते, म्हणून ती फक्त टेपच्या वेगातली चूक सांगते. टिका संगीताला बांधलेल्या असतात. टर्नटेबल हळू फिरलं असतं तर टिकाही त्याच प्रमाणात लांबल्या असत्या. म्हणून सूर दुरुस्त करताना टिकांवर विश्वास ठेवायचा. इथे दोन्ही आकडे जुळतात, म्हणजे टर्नटेबल बरोबर होतं आणि गडबड कॅसेट डेकच्या वेगात झाली. शिवाय गुणगुण ५०ची निघाली, म्हणजे एलपी वाजली ती ५० हर्ट्झच्या विजेवर. मुंबईत भरली असावी याला ते धरून आहे.

दुरुस्ती: 'चेंज स्पीड अँड पिच'मध्ये उणे ३.३३ टक्के. उणे ३.४५ नव्हे. १.७४ भागिले १.८ म्हणजे ०.९६६७, तो आकडा घ्यायचा. 'चेंज टेम्पो' वापरलं तर लय बदलेल आणि सूर चढाच राहील.

साडेतीन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडं जास्त. पियानोवर लावून बघितलं तर सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकत असेल. शझॅमला न सापडण्याचं हेही कारण असू शकतं. ते ठसे जुळवतं, आणि वेग एवढा सरकला की ठसा जुळेनासा होतो.

शिवडी_बंदर

गुणगुणीच्या बाबतीत एक जोड. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी कित्येक वर्षं ५०वर टिकतच नव्हती. मागणी वाढली की ती ४९च्या खाली उतरायची, रात्री वर चढायची. २००२-०३च्या सुमारास वीज खरेदीचे दर फ्रिक्वेन्सीला जोडले गेले, त्यानंतर ती बरीच आवळली गेली. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या टेपसाठी नुसत्या गुणगुणीवरून एक-दीड टक्क्याचा निकाल देऊ नये. इथे टिकांनी दुजोरा दिलाय म्हणून प्रश्न नाही.

रेडिओवरून भरलेल्या टेपसाठी आणखी एक खूण. शॉर्टवेव्हवर शेजारच्या स्टेशनची शिट्टी ५ किलोहर्ट्झला बसते, आपल्याकडच्या मीडियमवेव्हवर ९ला. ती सरकलेली दिसली की वेगाची चूक लगेच मोजता येते. आपल्याकडच्या खोक्यांमध्ये सापडणाऱ्या बऱ्याच जॅझ टेप व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या 'जॅझ अवर'च्या असतात. १९५५ सालापासून विलिस कोनोव्हर तो कार्यक्रम करायचे, अगदी सावकाश, शब्द सुटे करून बोलायचे. त्या टेपवर ५ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काही नसतं आणि आवाज मधूनच पोकळ होऊन परत भरतो. टीव्हीवरून भरली असेल तर १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी शोधा, ती दूरदर्शनच्या पाल पद्धतीची. अमेरिकी टीव्हीची १५,७३४ला असते.

ब्लूनोट_दादर

एलपी आहे हे ठरलं, टेनर-बास-ड्रम आहे, मोनो आहे, सहा तुकडे आहेत आणि मध्ये बाजू उलटल्याची शांतता आहे. एवढ्यावरून एक नाव समोर येतंच, पण आधी वेग दुरुस्त करून पुढच्या गोष्टी तपासा.

चौथा तुकडा, 'ठप्'नंतरचा. बारा बारांचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक माप) ब्लूज आहे का? सुरुवातीला चार बारांची एकच उतरती ओळ लागोपाठ तीनदा येते का? सूर बी-फ्लॅटवर बसतो का?

दुसरा तुकडा. बत्तीस बार, सी मायनर, म्हणजे आठ-आठचे चार भाग आणि तिसरा वेगळा?

पाचवा तुकडा. डी मायनर, बासची घोळणारी ओळ? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या पाचव्यात ड्रम आणि बास बाकीच्या पाचांपेक्षा वेगळे वाटतात का?

गोरेगाव_पूर्व

वेग उतरवल्यावर चौथा बरोबर बी-फ्लॅटवर आला. एकच ओळ तीनदा, हो. दुसरा सी मायनर. पाचव्यात ड्रम हलके आणि सुटसुटीत वाटतात. बाकीच्यांमध्ये ड्रम सतत तिय्यांमध्ये घोळतात, खालून काहीतरी उकळत असल्यासारखे.

ब्लूनोट_दादर

मग ही सोनी रोलिन्सची 'अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड'. न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबात ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ध्वनिमुद्रित, ब्लू नोट कंपनीची १५८१, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर.

बाजू पहिली: ओल्ड डेव्हिल मून, सॉफ्टली, ॲज इन अ मॉर्निंग सनराइज, स्ट्रायव्हर्स रो.
बाजू दुसरी: सोनीमून फॉर टू, अ नाइट इन ट्युनिशिया, आय कान्ट गेट स्टार्टेड.

रोलिन्स यांनी त्या दिवशी दुपारी आणि रात्री अशी दोन सत्रं वाजवली. दुपारी बासवर डोनाल्ड बेली आणि ड्रमवर पीट ला रोका. रात्री विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. मूळ एलपीवर दुपारचा एकच तुकडा घेतला, तो ट्युनिशिया. तुम्हाला पाचव्यात ड्रम वेगळे वाटले ते यामुळे. हा डोनाल्ड बेली बासवादक. जिमी स्मिथ यांच्याबरोबर ड्रम वाजवणारा त्याच नावाचा दुसरा माणूस, आणि ऑनलाइन याद्यांमध्ये या दोघांची सर्रास गल्लत होते.

क्रम हा इथला सर्वांत पक्का पुरावा. उरलेलं संगीत १९७५ साली दोन तबकड्यांच्या संचात आलं, पुढे सीडीवर सगळं सत्रांच्या क्रमाने लागलं. 'पाच रात्रीचे आणि शेवटून दुसरा दुपारचा' ही मांडणी मूळ एलपीची आहे. कालावधीही जुळतो. सहा तुकड्यांची बेरीज ४३ मिनिटांच्या जरा आत, मधली शांतता धरून ४३, साडेतीन टक्के जलद म्हणजे साडेएकेचाळीस. सी-९०च्या एका बाजूत एक एलपी बरोबर मावते. लोक सी-९० घ्यायचे ते याचसाठी.

चॅनेल वजा केल्यावर संगीत गेलं, म्हणजे भरणाऱ्याची प्रत मोनो होती. साठच्या दशकाच्या शेवटी हाच अल्बम कृत्रिम स्टिरिओ करूनही निघाला होता, त्या प्रतीत संगीत असं कटलं नसतं.

ठेका

मग 'रंगभवन ७८' का लिहिलं असेल, हा प्रश्न उरतो. दोन शक्यता. कॅसेट आधी यात्रेसाठी घेतली आणि नंतर तिच्यावर एलपी भरली. किंवा मैफल ऐकून आल्यावर 'यांचंच घरी ऐकायला' म्हणून कुणाकडून एलपी भरून घेतली आणि आठवणीसाठी तारीख टाकली. कागदावरचं अक्षर आणि टेपवरचा आवाज एकाच दिवसाचे असतील असं धरून चालायचं नाही.

खुल्या रंगभवनातली टेप कशी ऐकू येते तेही सांगतो, पुढे कुणाला कामी येईल. भिंतींवरून परतणारा आवाज नसतो, टाळ्या रुंद आणि दुरून येतात, झांजेची शेपटी हवेत विरते. व्हॅनगार्डमध्ये सव्वाशेच्या आतच माणसं मावतात. तिथल्या टाळ्या मोजक्या आणि अगदी जवळच्या असतात, एकेक हात वेगळा काढता येतो. हेडफोनवर पहिल्या तुकड्याच्या शेवटच्या टाळ्या ऐका, फरक लगेच कळेल.

रोलिन्स यांचं मुंबईशी नातं यात्रेहूनही जुनं आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते.

लाखेची_तबकडी

बाजू बबद्दल बोलतो, कारण मला ती जास्त मोलाची वाटते. अ बाजूची एलपी बाजारात मिळते, ब बाजूवर मुंबईचं काही असेल तर ते कदाचित दुसरीकडे नसेलच.

०.७४ सेकंदाला १.०३४५ने गुणा, ०.७७ येतात. म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या. दहा इंची तबकडीवर तीनेक मिनिटंच मावतात, तेही जुळतं. पण इथे अ बाजूपेक्षा जास्त सावध राहायला हवं. लाखेच्या जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८वर कापलेल्या नसायच्या. म्हणून टिकांवरून फेऱ्या बरोबर केल्या तरी सूर चुकीचा राहू शकतो. अशा वेळी पियानोचा किंवा गिटारच्या मोकळ्या तारेचा सूर कानाने लावून तुकड्यागणिक वेग ठरवायचा. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले बँड बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांत रमतात. तुकडा बी किंवा ई मेजरमध्ये आला तर सूर सरकला असण्याची शक्यता जास्त.

काळ ठरवायला पुढचं ऐका. तळाला ट्युबा आणि बँजो आहे, की उभा बास आणि गिटार? पहिलं असेल तर १९३०च्या आसपास किंवा आधीचं, दुसरं असेल तर नंतरचं. खोल बास आणि सुटी झांज ऐकू येते का? विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५पासूनचं. त्याआधीच्या कर्ण्याच्या ध्वनिमुद्रणात दोन्ही टोकं नसतात. गाणारा मध्येच एक आवर्तन गाऊन गप्प होतो का? तिशीतल्या हॉटेलच्या बँडची ती ठरलेली रचना.

मुंबईच्या शक्यता मोजक्या आहेत. १९३५च्या शेवटी लिऑन ॲबे यांचा बँड ताजमध्ये आला. ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ यांनी १९३६मध्ये मुंबईतच रेक्स लेबलसाठी तबकड्या भरल्या. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईहून कलकत्त्याला गेले, युद्धकाळात त्यांच्या तबकड्या तिकडे निघाल्या आणि १९४५मध्ये ते तिथेच वारले. चाळीस-पन्नासच्या दशकात चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. त्यांच्या ट्रम्पेटचा नमुना हवा असेल तर सी. रामचंद्र यांचा 'अलबेला' (१९५१) काढा. सूर फेकण्याची पद्धत, शेवटच्या सुरावरचं कंपन, म्यूट (कर्ण्यात बसवायचं बूच) लावल्यावरचा आवाज, हे त्या नमुन्याशेजारी ठेवून ऐका. पण नुसत्या ट्रम्पेटवरून नाव लावू नका. त्या काळात मुंबईत लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवणारे गोव्याचे वादक बरेच होते.

परदेशी तबकडी असण्याचीही तितकीच शक्यता आहे. एचएमव्ही आणि कोलंबिया इंग्लंड-अमेरिकेचे साचे आणून डमडमच्या कारखान्यात छापायचे. लेबलवर डमडम लिहिलंय म्हणून संगीत भारतातलं ठरत नाही.

आणि खोक्यात किंवा त्याच दुकानात त्या तबकड्या असतील तर पहिल्यांदा त्या शोधा. लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला किंवा ठोकलेला आकडा असतो, तो मॅट्रिक्स नंबर. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा, तो बदलतो. मॅट्रिक्स त्या ध्वनिमुद्रणाचा. त्याच्या शेवटी आकडा किंवा अक्षर असेल तर तो बहुधा टेक, म्हणजे कितवा प्रयत्न. टॉर्च तिरपी धरून फोटो काढा, समोरून काढला की लाख चमकते आणि काही दिसत नाही. अमेरिकी मॅट्रिक्स असेल तर सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत तो फुकट शोधता येतो. भारतीय असेल तर इथल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे जुने अंक चाळा.

टेपडेक

लाखकाकांच्या मुद्द्याला जोडून, तबकड्या मिळाल्याच तर:

अल्कोहोल लाखेला लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून उभी वाळवा.

एलपीची सुई वापरू नका. एलपीच्या सुईचं टोक एक मिलच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आसपास, ७८ला तीन मिल लागतं, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि तिथली सगळी माती वाजवते.

टर्नटेबलला ७८ नसेल तर ४५वर भरून १.७३३ने वेग वाढवता येतो. फक्त तुमच्या ॲम्प्लिफायरमधलं आरआयएए समीकरण (एलपी कापताना दाबलेले खालचे आणि वाढवलेले वरचे सूर पूर्ववत करणारं) चुकीच्या जागी लागलेलं असतं. ते आधी उलटं करून काढा, मग वेग वाढवा, मग त्या काळाचं समीकरण लावा. क्रम उलटा केला तर खालच्या-वरच्या सुरांचा तोल बिघडतो. मग लोक म्हणतात, तबकडीच खराब आहे. आरआयएए १९५४चं, त्याआधीच्या तबकडीला ते लागूच नाही.

गोरेगाव_पूर्व

सगळ्यांना दंडवत, वाचनखूण साठवली. दुकानात उरलेल्या तबकड्या शोधतो. शुक्रवारी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी जाईन.

महोत्सवाबद्दल कुणी सांगेल का?

ठेका

सांगतो. महोत्सवात नवा माणूस दमतो तो एकाच कारणाने. आपण तुकड्यात कुठे आहोत ते त्याला कळत नाही. पंधरा मिनिटं सॅक्सोफोन चालू आहे आणि हे कधी संपणार एवढंच त्याच्या डोक्यात. म्हणून अल्बमांची यादी देऊ नका, मोजायला शिकवा. आपल्याकडच्या श्रोत्याला हे जड जाऊ नये, सम सापडण्याचा आनंद त्याला माहीत असतो.

पहिला आठवडा फक्त बारा बारांचा ब्लूज. तुमच्या टेपमधलाच चौथा तुकडा घ्या. प्रत्येक बारला चार ठोके, बारा बार, अठ्ठेचाळीस ठोके, की पुन्हा पहिल्यापासून. १६०च्या लयीत एक आवर्तन बरोबर १८ सेकंदांचं. बोटांच्या पेरांवर बार मोजा. सॅक्सोफोनकडे लक्ष देऊ नका, बास ऐका. नवं आवर्तन सुरू होताना बास घरी येतो.

दुसरा आठवडा बत्तीस बार. आठ, आठ, वेगळे आठ, परत पहिले आठ. तो तिसरा भाग ओळखू आला की निम्मं काम झालं. २००च्या लयीत एक आवर्तन साडेअडतीस सेकंदांच्या जरा आत.

तिसरा आठवडा एकाच कॉर्डांवरच्या (धुनेखालच्या स्वरसमूहांच्या एकाच क्रमावरच्या) दोन धुना. 'हाउ हाय द मून' आणि 'ऑर्निथॉलॉजी'. 'चेरोकी' आणि चार्ली पार्कर यांचं १९४५चं 'को-को'. 'इंडियाना' आणि 'डॉना ली'. तुमच्या टेपवरचं 'स्ट्रायव्हर्स रो' असंच पार्करच्या 'कन्फर्मेशन'च्या कॉर्डांवर आहे. एकाची धून दुसऱ्याच्या सोलोवर गुणगुणून बघा, बसते. हे जमलं की स्टेजवर नाव न सांगता वाजवलेला तुकडाही ओळखता येतो.

चौथ्या आठवड्यात, कार्यक्रमपत्रिका लागली की, प्रत्येक बँडचं एक थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण. स्टुडिओतलं नको, तिथे सोलो आखूड असतात.

अनवट

इतिहासाचा धागा हवा असेल तर दोनच द्या. ड्यूक एलिंग्टन १९६३मध्ये भारतात आले, त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट स्वीट' निघालं. त्यात दिल्लीच्या मैनेची शीळ जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर आहे. आणि 'शक्ती' हा बँड, कारण झाकिरभाईंचा तबला ओळखीचा असतो आणि नव्या माणसाला तिथे पाय टेकायला जागा मिळते.

माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकवाल तर प्रत कुठली ते बघा. २ मार्च १९५९च्या सत्रातले पहिले तीन तुकडे कित्येक दशकं किंचित चढ्या सुरात विकले गेले, कारण मुख्य टेपमशीन हळू चालत होतं. नव्वदच्या दशकात दुसऱ्या टेपवरून दुरुस्त प्रत आली. जुन्या प्रतीबरोबर पियानो लावून वाजवायला बसलात तर सूर लागणार नाही. तुमच्या कॅसेटचाच आजार, फक्त कमी.

शिवडी_बंदर

व्यवहाराचं:

एनसीपीएचं टाटा थिएटर १९८०चं, पंख्यासारखं उघडणारं आणि विनामाईक संगीत डोळ्यासमोर ठेवून बांधलेलं. ड्रम आणि स्पीकर लावले की आवाज तिथे भरपूर होतो. मधल्या रांगा आणि मधला भाग घ्या. अगदी पुढे बसलात तर ड्रम थेट कानावर, आणि पियानोची फक्त पाठ.

इअरप्लग न्या, फोमचे नको. फोम वरचे सूर खाऊन टाकतो आणि झांज गायब होते. वादकांसाठीचे मिळतात, ते सगळं सारख्या प्रमाणात कमी करतात. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. फेब्रुवारीत मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवाला जाणार असाल तर हे जास्तच लागू.

खुल्या मैदानातला कार्यक्रम रात्री दहाला बंद होतो, ध्वनिप्रदूषणाच्या नियमामुळे. त्यामुळे तिथे मुख्य बँड उशिरा सुरू होत नाही, वेळेवर पोचा. रंगभवन गेलं तेही शांतता क्षेत्राच्या नियमात.

एनसीपीएला जायला मेट्रो ३चं विधान भवन स्टेशन जवळ. पण मेट्रो साडेदहाच्या सुमारास बंद होते, परतताना चर्चगेट धरूनच चाला. गोरेगावची शेवटची लोकल आदल्या दिवशी एम-इंडिकेटर ॲपवर बघून ठेवा. शेवटच्या बँडचं दुसरं आवर्तन चालू असताना घड्याळाकडे बघावं लागलं तर सगळं फुकट.

ब्लूनोट_दादर

ध्वनिमुद्रण करायला परवानगी नसते, फोन खिशात ठेवा. त्याऐवजी छोटी वही. प्रत्येक तुकड्याला एक ओळ: १२ की ३२, लय सावकाश की जलद, पहिला सोलो कुणाचा, धून ओळखीची वाटली का. अंधारात मोठ्या अक्षरात लिहा, एका पानावर एकच तुकडा. मध्यंतरात दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की न ओळखलेल्यांपैकी बरेच सुटतात. उरलेले इथे टाका.

गोरेगाव_पूर्व, दुरुस्त केलेली फाइल जपताना मूळ फाइल पुसू नका. फाइलच्या नावातच लिहा: सोनी रोलिन्स, व्हिलेज व्हॅनगार्ड १९५७, मोनो एलपीवरून, कॅसेट, वेग उणे ३.३३. आणि डबीवरचा 'रंगभवन ७८'चा कागद आहे तसाच राहू द्या, फक्त फोटो काढून फाइलबरोबर ठेवा.

गोरेगाव_पूर्व

तसंच केलं. बाजू बचे सातही तुकडे, वेग न बदलता, उद्या वेगळ्या धाग्यात टाकतो. पहिल्या तुकड्यात तळाला उभा बास आणि गिटार आहे, गाणारा नाही. दुसऱ्यात एक आवर्तन बाई गातात, भाषा इंग्रजी. लाखकाका, तिथून सुरुवात करूया.